हिशेब गावातही वाचला जावा : धर्मादाय आयुक्तांस खुले पत्र

मा. धर्मादाय आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई, यांचे सेवेसी



नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत ज्या अनेक लहान सार्वजनिक संस्था आपल्या खात्याच्या नोंदवहीत दाखल आहेत, म्हणजे गावोगावची ‘ड’ वर्गाची वाचनालये, महिला मंडळे, बालवाड्या, तालमी, आणि ज्यांच्या नावे चार-दोन एकर इनाम जमीन अद्याप सातबाऱ्यावर टिकून आहे अशी देवस्थाने, त्यांच्या वार्षिक हिशेबासंबंधी एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. विनंती एवढीच की, जो हिशेब दरसाल आपल्या दप्तरी रुजू होतो तोच हिशेब, ज्यांच्या वर्गणीवर संस्था उभी आहे आणि ज्यांच्यासाठी ती चालविली जाते त्यांच्यासमोर, त्यांना उमजेल अशा साध्या मराठीत, वर्षातून एकदा उघडपणे वाचला जावा, असा निर्देश आपण या संस्थांना द्यावा. खाजगी अर्ज करूनही हे आपल्या कानी घालता आले असते; परंतु ही विनंती जितकी आपल्याशी आहे तितकीच विश्वस्तांशी आणि गावकऱ्यांशीही आहे, म्हणून ती सर्वांच्या देखत करणे मला उचित वाटले. लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या वाचनालयाचा कार्यवाह या नात्याने रोजमेळ, पावतीपुस्तके आणि लेखापरीक्षकाची फाइल यांच्या सहवासात माझा बराच काळ गेला आहे, आणि पुढे जे लिहीत आहे ते त्या सहवासातूनच आलेले आहे.

प्रथम कायद्याविषयी. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, जो पूर्वी मुंबईच्या नावाने ओळखला जाई आणि आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, तो मी अनेकवार वाचला आहे, आणि दर वाचनागणिक तो रचणाऱ्यांविषयी माझा आदर वाढतच गेला आहे. बत्तिसाव्या कलमाने विश्वस्तांवर नियमित हिशेब ठेवण्याचे कर्तव्य घातले, तेहतिसाव्याने तो हिशेब दरसाल ३१ मार्च अखेर बंद करून तपासून घेण्याचे बंधन घातले, आणि चौतिसाव्याने तपासणाऱ्यावर अशी जबाबदारी टाकली की, जे गैर दिसेल ते त्याने स्पष्ट शब्दांत लिहून आपल्या कार्यालयाकडे पाठवावे. नियमावलीतील एकोणिसाव्या नियमाखाली लेखापरीक्षकाने ज्या प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात ते प्रश्न तर मुळातून वाचण्यासारखे आहेत. तपासणीच्या दिवशी विश्वस्ताच्या वा व्यवस्थापकाच्या हाती असलेली रोकड वहीतल्या शिलकेशी जुळते काय; संस्थेचा पैसा तिच्या उद्देशाबाहेर कोठे खर्च झाला काय; वर्षाहून अधिक काळ थकलेली येणी किती आणि सोडून दिलेली किती; पाच हजार रुपयांवरच्या दुरुस्तीला वा बांधकामाला निविदा मागविल्या होत्या काय; सभा नियमितपणे होतात काय आणि त्यांचे इतिवृत्त ठेवले जाते काय; विश्वस्तांपैकी कोणी संस्थेचा ऋणको किंवा धनको आहे काय; आणि मागील वर्षी दाखविलेल्या दोषांचे निवारण झाले काय. गावच्या कोणत्याही संस्थेविषयी पारावर जे कुजबुजीने विचारले जाते ते सारे या नियमाने उघडपणे विचारलेले आहे. विचारण्यात कायदा कोठेच उणा पडलेला नाही. उणीव आहे ती उत्तर कोणाच्या कानी पडते यात.

आठव्या अनुसूचीतला ताळेबंद आपल्या नित्य पाहण्यात असेल, तथापि या पत्राच्या इतर वाचकांसाठी त्याची एक बाजू जवळून दाखविणे अवश्य आहे. उजव्या हाताला मालमत्ता मांडावयाची असते. तीत स्थावर, गुंतवणूक, लाकूडसामान अशी शीर्षके संपली की ‘तसलमात’, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, हे शीर्षक येते, आणि त्याखाली विश्वस्तांना, नोकरांना, ठेकेदारांना, वकिलांना आणि इतरांना दिलेली तसलमात वेगवेगळी लिहावी लागते. त्याच्याही खाली रोख शिलकेचे पोटभाग पडतात: बँकेत किती, विश्वस्ताकडे किती, व्यवस्थापकाकडे किती. आता असे समजा की, पुस्तकांच्या कपाटासाठी म्हणून एका पदाधिकाऱ्याने संस्थेतून रक्कम उचलली, कपाट आले की नाही याची वाच्यता झाली नाही, बिलही वहीला लागले नाही. ती रक्कम खर्चात जात नाही, कारण पावती नाही. ती बुडालीही नाही, कारण तसे कोणी म्हटलेले नाही. ती ‘विश्वस्तांकडील तसलमात’ या ओळीत बसून राहते आणि दरसालच्या ताळेबंदातून पुढच्या सालात, एका आकड्याचाही फरक न होता, सरकत जाते. लेखापरीक्षक आपल्या अहवालात तिचा उल्लेख करतो, अहवाल आपल्याकडे पोचतो, आणि हजारो अहवालांच्या राशीत ती ओळ वाचायला आपल्या कार्यालयातल्या मूठभर कारकुनांना उसंत मिळत नाही. ज्या एका ठिकाणी ती ओळ वाचताच तिचा उलगडा झाला असता, म्हणजे ज्या खोलीत ते कपाट असायला हवे होते त्या खोलीत, तेथे ती कधी वाचलीच जात नाही. हे एका संस्थेपुरते नाही. अनेक संस्थांच्या फायली मी पाहिल्या आहेत आणि ही ओळ त्यांतल्या कित्येकांत मला भेटली आहे. तिच्यामागे दर वेळी लबाडी असते असेही नाही. पुष्कळदा आळस असतो, कधी मृत्यू आलेला असतो आणि वारसांना काही ठाऊक नसते. परंतु आळस काय आणि लबाडी काय, दोन्ही त्या ओळीत सारख्याच दिसतात, आणि निर्दोष माणसावर यापरता मोठा अन्याय दुसरा नाही.

नवव्या अनुसूचीतल्या उत्पन्न-खर्चाच्या पत्रकाचीही हीच कथा आहे. खर्चाच्या बाजूला आरंभी मालमत्तेवरचे कर, दुरुस्ती, घसारा. मग आस्थापना, विश्वस्तांचे मानधन, कोर्टखर्च, लेखापरीक्षण शुल्क. आणि या सर्वांच्या तळाशी, जवळजवळ अखेरीस, ‘न्यासाच्या उद्देशांवरील खर्च’ हे शीर्षक, त्याखाली धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय, दारिद्र्यनिवारण आणि इतर धर्मादाय असे पाच पोटभाग. वाचनालयाचे अवघे वर्ष त्यांतल्या ‘शैक्षणिक’ या एका शब्दापुढच्या एका आकड्यात सामावते. किती वर्तमानपत्रे घेतली आणि त्यांतली किती उन्हाळ्यात बंद करावी लागली, स्पर्धापरीक्षेची पुस्तके घेतली की कादंबऱ्या, बायकांसाठी दुपारची वेळ ठेवली होती ती चालली की मोडली, ग्रंथपालाला त्याचे तुटपुंजे वेतन वेळेवर मिळाले की अनुदानाच्या हप्त्याची वाट पाहत तो सहा-सहा महिने उसनवारीवर जगला, यांतले काहीही त्या आकड्यावरून कळत नाही. आकडा खोटा नसतो. तो मुका असतो. वाचनालयाचा हाच हिशेब १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडेही जातो, आयकर खात्याची विवरणे असतील तर तिकडे जातो, आणि या साऱ्या वाटा गावाबाहेर जाणाऱ्या असतात.

या प्रवासाचे वर्णन करतो. एप्रिल उजाडला की कार्यवाह वर्षभराच्या पावत्या एका दोऱ्यात ओवतो, ज्यावर रसीदी तिकीट लावायचे राहिले असेल त्यावर लावतो, आणि पिशवीत वह्या घालून एस.टी.ने नांदेडला वा लातूरला लेखापरीक्षकाकडे जातो. तेथे त्या लाल बासनातल्या वहीचे रूपांतर संगणकावरच्या छापील तक्त्यांत होते. मग ते तक्ते आपल्या संकेतस्थळावर भरले जातात, आणि पुष्कळदा त्यासाठी लागणारा सांकेतिक शब्द ज्या माणसाजवळ असतो तो संस्थेचा सभासददेखील नसतो. शेवटी पोचपावतीचा एक कागद गावात परततो आणि कपाटात जातो. वास्तविक हे तक्ते गुप्त नाहीत; ज्याला स्वारस्य आहे त्याला रीतसर अर्ज करून आणि शुल्क भरून नक्कल मिळू शकते. परंतु कंधारच्या किंवा देवणीच्या एखाद्या खेड्यातल्या मजूर बाईने आपली मुलगी ज्या बालवाडीत जाते तिचा हिशेब पाहण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी यावे आणि नकलेचा अर्ज करावा, ही अपेक्षा कायद्याला मान्य असली तरी व्यवहाराला मान्य होणारी नाही. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन घालणारा शेतकरी हातात पट्टी पडल्याखेरीज दुकानाच्या पायऱ्या उतरत नाही. वजन, भाव, हमाली, तोलाई असे एकेक कलम बोटाने चाचपून तो पट्टी वाचतो, आणि न कळल्यास तेथेच विचारतो. त्याच शेतकऱ्याने त्याच पट्टीतून गावच्या वाचनालयाला एकशेएक रुपये दिले, तर त्या रुपयांची पट्टी मात्र त्याला आयुष्यात कधी मिळत नाही.

याच्या उलट एक वस्तुस्थिती मराठवाड्यातल्या प्रत्येकाच्या परिचयाची आहे, आणि माझ्या विनंतीचा मुख्य आधार तीच आहे. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो. त्यासाठी घरटी पट्टी ठरते. कोणी पैसे देतो, कोणी ज्वारीचे पोते, कोणी तेलाचा डबा, कोणी मंडपाचे भाडे आपल्या अंगावर घेतो, आणि ज्याच्याजवळ यांतले काही नाही तो सात दिवस पाणी भरतो. काल्याचे कीर्तन आणि महाप्रसाद आटोपला की अनेक गावांत ध्वनिक्षेपकावरून जमा वाचली जाते, खर्च वाचला जातो, उरलेली शिल्लक कोणाकडे ठेवली ते नावानिशी सांगितले जाते, आणि कित्येक ठिकाणी देणगीदारांची यादी देवळाच्या भिंतीवर रंगविली जाते. ही मंडळी कोठेही नोंदलेली नसतात. त्यांना ना अनुसूची आठ ठाऊक ना नऊ. तरीही एखाद्या वर्षी हिशेब वाचला नाही तर पुढच्या वर्षी पट्टी निघत नाही, एवढे तेथे प्रत्येकजण जाणतो. मग नोंदणी झालेल्या संस्थेचे काय होते? नोंदणी होईपर्यंत तिचा हिशेब गावाकडे तोंड करून असतो, आणि नोंदणी होताच तो आपल्या कार्यालयाकडे तोंड करून बसतो. कायद्याने गावाकडे पाठ फिरवायला सांगितले नव्हते. परंतु ज्याला उत्तर देणे सक्तीचे आहे त्याला उत्तर दिले की आपले कर्तव्य संपले, अशी समजूत विश्वस्तांमध्ये हळूहळू रुजत गेली.

मराठवाड्यात या समजुतीची मुळे काहीशी खोल आहेत असे मला वाटते. निजामी अमदानीत धर्मस्थाने आणि त्यांच्या जमिनी यांचा कारभार उमूर-ए-मजहबी या खात्याकडे होता. इनामाचा पुरावा म्हणजे मुंतखब, आणि तो दरबारातून यायचा. पुजारी, मुतवल्ली, वहिवाटदार यांनी आपले म्हणणे मांडायचे ते त्या खात्यासमोर, रयतेसमोर नव्हे. सभा भरवायची तर सभांवर निर्बंध घालणारे ‘गश्ती निशाण ५३’ हे परिपत्रक आडवे येई, आणि म्हणूनच त्या काळी वाचनालय चालविणे हे केवळ पुस्तके देण्याघेण्याचे काम नव्हते. चार माणसांनी एकत्र बसून बोलण्याची ती एक जागा होती, आणि ती जागा लोकांच्या वर्गणीवर आणि विश्वासावर टिकविलेली होती. हैदराबाद संस्थानावरील पोलीस कारवाईनंतर १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले ते मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने, आणि त्या पिढीने उभारलेल्या संस्थांच्या मागेही राजाश्रयापेक्षा लोकाश्रयच मोठा होता. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर आपला कायदा इकडे लागू झाला. सभेवरची बंदी गेली, परंतु सभा गेली नाही असे म्हणता येईल काय? आज बहुसंख्य लहान संस्थांच्या इतिवृत्तपुस्तकात ‘वार्षिक जमाखर्चास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली’ हा ठराव दरसाल सुवाच्य अक्षरात लिहिलेला असतो, त्याखाली सह्या असतात, आणि त्यांतल्या कित्येक सह्या घरोघर वही फिरवून घेतलेल्या असतात. ज्या भूमीत एकत्र बसण्यासाठी माणसांनी तुरुंगवास पत्करला, तेथे एकत्र न बसताच सभा झाल्याचे लिहिले जावे, याचे मला फार दुःख होते.

हिशेब सामान्य माणसाला समजत नाही, सबब तो वाचून काय साधणार, असे म्हणणाऱ्यांना मी किल्लारीकडे बोट दाखवीन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जो भूकंप झाला त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली, आणि त्याहून पुष्कळ अधिक गावांत, जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या कार्यक्रमातून, घरांची दुरुस्ती आणि बळकटीकरण झाले. त्या दुसऱ्या कामात पैसा घरमालकाच्याच हाती, बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे हप्त्याहप्त्याने येत असे. गावोगावी स्त्रियांना संवाद सहायक म्हणून उभे करण्यात आले आणि कोणता हप्ता कशासाठी, सिमेंट किती, सळई किती, हे त्या बायका इतर बायकांना समजावून सांगत. ज्यांनी आयुष्यात बँकेचे दार पाहिले नव्हते त्यांनी आपल्या घराचा जमाखर्च मुखोद्गत केला, कारण तो त्यांच्या घराचा होता आणि त्यांच्यासमोर मांडला गेला होता. याच काळात देशातून आणि परदेशांतून मदतीचा ओघ आला, अनेक संस्था जन्मल्या. त्यांतल्या काहींनी गावाला हिशेब दिला आणि काहींनी केवळ देणगीदाराला दिला, आणि हा भेद लोकांच्या स्मरणातून गेलेला नाही.

आता बाहेरचे एक उदाहरण देतो. इंग्लंडात २००४ च्या कायद्याने आणि २००५ पासून प्रत्यक्षात, लोकहितासाठी चालणाऱ्या छोट्या कंपन्यांचा एक नवाच प्रकार अस्तित्वात आला. गावचे दुकान, वस्तीतले सभागृह, अपंगांसाठी चालणारी गाडी अशी कामे त्या करतात. त्यांची मालमत्ता लोकहितासाठी कायमची बांधलेली असते, ती सभासदांत वाटून घेता येत नाही. या कंपनीला दरसाल आकड्यांच्या हिशेबाबरोबर एक वेगळा लोकहित अहवाल दाखल करावा लागतो, आणि तो कोणालाही पाहता येतो. त्यात मुख्यत्वे चारच गोष्टी सांगायच्या असतात: वर्षभरात काय केले आणि त्याचा लाभ समाजाला कसा झाला, ज्यांचा संस्थेशी संबंध येतो त्यांना विचारले काय, आणि विचारून काय केले, संचालकांनी मोबदला किती घेतला, आणि पुऱ्या किमतीखेरीज कोणती मालमत्ता कंपनीच्या हातून गेली काय. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यातील आठव्या कलमाखालच्या कंपन्या या प्रकाराच्या जवळ जातात. पण खेड्यातली संस्था कंपनी काढीत नाही, ती १८६० च्या आणि १९५० च्या कायद्यांखाली आपल्याकडेच नोंदली जाते. तेव्हा त्या अहवालाचा आशय आपण घ्यावा. विशेषतः दुसरा प्रश्न, म्हणजे ‘कोणाला विचारले’ हा, आपल्या एकोणिसाव्या नियमात नाही, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. मंडळाने शिलाईयंत्रे घेतली. बायकांना ती हवी होती काय? देवस्थानाने भक्तनिवासाला पैसा घातला. गावाला पिण्याच्या पाण्याची टाकी अधिक निकडीची वाटत होती काय? लेखापरीक्षक हे विचारू शकत नाही, ते त्याचे कामही नाही.

म्हणून विनंतीचे स्वरूप असे आहे. कलम ४१-अ अन्वये विश्वस्तांना निर्देश देण्याचा अधिकार आपणास आहे. त्याचा उपयोग करून आपण असे फर्मावावे की, लहान संस्थांनी ताळेबंदासोबत एक पान मराठीत लिहावे. त्यात वर्षाचे काम, लाभ घेणाऱ्यांना विचारून घेतलेले निर्णय, विश्वस्तांनी घेतलेली व त्यांच्याकडे येणे असलेली रक्कम, विशिष्ट कामासाठी कोणी दिलेल्या निधीची स्थिती, आणि लेखापरीक्षकाने दाखविलेले दोष, एवढे यावे. आणि ते पान संस्थेच्या दारावर लावून लोकांसमोर वाचले जावे. वस्तुरूपाने आलेले दान, ज्वारीचे पोते असो की दिवसभराचे श्रम असो, तेही त्यात लिहिले जावे, कारण रुपयांच्या तक्त्यात त्याला जागा नसते आणि देणाऱ्याला मात्र त्याचे स्मरण असते. ‘आईच्या स्मरणार्थ वाचनकक्षासाठी’ म्हणून कोणी दिलेली रक्कम चिन्हित निधीत त्याच नावाने उभी आहे की सामान्य खर्चात विरघळली, हे त्या मुलाला आपल्या कार्यालयात न जाता कळले पाहिजे.

आणखी एका कागदाचा बोजा वाढेल ही हरकत मी गौण मानत नाही. लहान संस्थेच्या कार्यवाहाला आजच बदल अर्ज, लेखे, अनुदानाचे प्रस्ताव, आयकराची विवरणे यांनी दमविले आहे; विश्वस्तांपैकी कोणी वारला वा कोणी नवा आला तर नव्वद दिवसांच्या आत बाविसाव्या कलमाखाली कळवावे लागते, आणि तेवढ्यासाठी वकील करावा लागतो. काही वर्षांपूर्वी हिशेब न देणाऱ्या संस्थांची नोंदणी रद्द करण्याची मोहीम आपल्या खात्याने चालविली तेव्हा अनेक मृतप्राय संस्था निकालात निघाल्या हे योग्यच झाले. परंतु काम करणाऱ्या, मात्र कागदात मागे पडलेल्या संस्थांच्या माणसांनाही त्या वेळी जीव मुठीत धरून वकिलांचे उंबरे झिजवावे लागले. तेव्हा या एका पानाला लेखापरीक्षकाची सही नको, शुल्क नको, संकेतस्थळाची सक्ती नको. आणि ज्या संस्थेने ते पान वाचून दाखविले, सभेला आलेल्यांच्या सह्यांनिशी त्याची प्रत पाठविली, तिला इतर काही विवरणांतून सूट देता येते काय याचा विचार व्हावा. संस्था जितकी लहान तितका तिचा हिशेब कार्यालयासाठी आटोपशीर आणि गावासाठी सविस्तर असावा. आज नेमके याच्या विपरीत चालते.

दुसरी हरकत गावच्या गटातटांची. हिशेब चव्हाट्यावर आला की विरोधकांच्या हाती हत्यार मिळेल, दर ओळीवर भांडण होईल, आणि निःस्वार्थी माणसे संस्थेत यायची बंद होतील, असे अनेक सज्जन विश्वस्त मला सांगतात. त्यांची भीती मी ओळखतो, परंतु तिच्याशी सहमत होत नाही. भांडणे आजही होत आहेत. एकाच संस्थेच्या दोन-दोन कार्यकारिणी आपापले बदल अर्ज घेऊन आपल्या कार्यालयांत वर्षानुवर्षे उभ्या आहेत, आणि माझ्या पाहण्यात आलेल्या अशा बहुतेक तंट्यांचा आरंभ एवढ्याच गोष्टीने झाला होता की, कोणीतरी हिशेब विचारला आणि ‘तू कोण विचारणारा’ असे त्याला उत्तर मिळाले. विचारणाऱ्याच्या मनात द्वेष असेलही. तथापि जो हिशेब आधीच वाचून झाला आहे त्याच्या आडून द्वेष फार काळ चालविता येत नाही. आणि प्रामाणिक विश्वस्ताला, ज्याने संस्थेच्या कामासाठी पदरमोड करून एस.टी.ची तिकिटे काढली, आपल्या घरची सतरंजी वाचनालयात टाकली, त्याला आपल्या प्रामाणिकपणाची पावती गावाकडून मिळण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही. नाव न सांगता देणाऱ्या दात्याचे नाव वाचू नये, हे मात्र मला मान्य आहे. रक्कम वाचावी, नाव राखावे.

दिवसाविषयी सुचवितो. हिशेब बंद झाल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत लेखापरीक्षण पुरे व्हावयाचे असते, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी २ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा भरते. गांधीजींनी १८९४ साली नाताळ इंडियन काँग्रेसचे चिटणीसपण पत्करले तेव्हापासून लहानसहान वर्गणीचीही पावती देण्याचा आणि पै-पैचा हिशेब ठेवण्याचा त्यांचा कटाक्ष होता. त्यांच्या जयंतीला हे वाचन व्हावे यात औचित्य आहे आणि सोयही आहे, कारण त्या दिवशी माणसे गावात असतात. सोयाबीनची काढणी पुढ्यात असते, पण सकाळची दोन घटका सवड निघते. ग्रामसभेच्या कामकाजात या संस्थांनी मिसळू नये. पंचायतीचा अधिकार वेगळा आणि विश्वस्तांचे दायित्व वेगळे. ग्रामसभा उठली की माणसांनी तेथूनच वाचनालयात, बालवाडीत किंवा देवळाच्या सभामंडपात यावे. नांदेड आणि लातूर या शहरांत जेथे ग्रामसभा नाही तेथे ज्या-त्या मोहल्ल्याने आपली वेळ ठरवावी.

साऱ्या राज्यासाठी निर्देश काढण्यापूर्वी आपणास त्याची प्रचीती पाहावयाची असेल, तर आरंभ लातूरच्या सह आयुक्त कार्यालयाच्या कक्षेपासून व्हावा. आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीने निर्देशाची वाट न पाहता येत्या २ ऑक्टोबरला हे पान वाचण्याचे ठरविले आहे. त्यात तसलमातीची ओळ आहे, बंद केलेल्या वर्तमानपत्रांची नावे आहेत, आणि ग्रंथपालाचे किती महिन्यांचे वेतन थकले आहे तेही आहे. ग्रामसभा साधारणपणे अकरा वाजता उठते. त्या वेळी आपल्या लातूर कार्यालयातील एखाद्या निरीक्षकास उपस्थित राहण्याची अनुज्ञा आपण द्यावी, त्यांनी गावकऱ्यांत बसून ऐकावे, आणि लोकांनी जे प्रश्न विचारले ते आपल्या टिपणीत लिहून आपणास सादर करावेत. त्या दिवशीचे पान आणि उपस्थितांच्या सह्यांचा कागद यांची एकेक प्रत वाचनानंतर टपालाने आपल्याकडे रवाना करू, ती दाखल करून घ्यावी, ही विनंती.



आपला नम्र,
एका ग्रामीण वाचनालयाचा कार्यवाह
जिल्हा लातूर